खुरप्याला कळतं, पंपाला कळत नाही

मृग लागला, दोन-तीन बऱ्या सरी पडल्या की परभणीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. लाइट जाते आणि आठ दिवसांत अंगण हिरवंगार होतं. लाइटीचं आपल्या हातात काही नाही. पण अंगणात जे उगवलंय त्यातलं काय ठेवायचं आणि काय उपटायचं, हा प्रश्न दरवर्षी घरोघरी पडतो.

मी पीकपाण्याच्या बातम्या लिहितो, म्हणजे मला सगळी झाडं कळत असणार असा मित्रमंडळींचा समज आहे. त्यामुळे जून-जुलैत फोनवर फोटोंचा ढीग होतो. "हे काय आहे? ठेवू का काढू?" बहुतेक फोटो दोन पानांच्या कोंबाचे. दोन पानांवरून भल्याभल्यांना सांगता येत नाही. मोबाइलमधली ॲप फुलावर आलेलं झाड बऱ्यापैकी ओळखतात, पण कोवळ्या कोंबाचा फोटो दिला की सकाळी एक नाव सांगतात आणि संध्याकाळी दुसरं.

विषय बागकामाचा वाटेल. पण यात एक सार्वजनिक प्रश्नही आहे, म्हणून इथं लिहितोय. तण कोणतं आणि झाड कोणतं हे नुसतं बघून सांगणारी माणसं आपल्या जिल्ह्यात होती, अजून आहेत, पण कमी व्हायलीत. ती कोण, आणि कमी का व्हायलीत, त्यावर शेवटी येतो. आधी अंगण.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त गुरुजी आहेत. घरासमोर दोन-अडीच गुंठे मोकळी जागा. गुरुजी गावाकडं गेले होते तेव्हा मुलानं हौसेनं "सगळं साफ" करून घेतलं. मजुरानं एका दिवसात फावड्यानं जमीन खरवडून काढली. गुरुजी परत आले तर अंगण क्रिकेटच्या पिचसारखं. तणासोबत निशिगंधाचे कंद गेले, हळद गेली, कुंपणावरचा करटुल्याचा वेल गेला. शतावरीचं जुनं खोड गेलं. पुढं महिनाभरात काय परत आलं? लव्हाळा आणि हराळी. जे घालवायचं होतं ते अख्खं परत, जे ठेवायचं होतं ते गायब.

यात मजुराचा दोष नाही. त्याला "साफ कर" एवढंच सांगितलं होतं. ते झाड त्या वेळी दिसतच नव्हतं, आणि आपल्या बागांमधली खरी अडचण हीच आहे.

मराठवाड्याच्या उन्हात बरीच बहुवर्षायू झाडं उन्हाळ्यात वरून मरतात. हळद, आलं, निशिगंध, पावसाळी लिली, भुईचाफा, करटुलं. वरची पानं वाळून जातात, खाली कंद किंवा गड्डा जिवंत असतो. मे महिन्यात तिथं फक्त भेगाळलेली काळी माती दिसते. त्यातलं काही पहिल्या पावसालाच वर येतं. पावसाळी लिली चार दिवसांत फुलूनही जाते. भुईचाफ्याचं तर फूल आधी येतं आणि पान मागून. पण हळद-आलं दोन-तीन आठवडे वाट बघायला लावतात. तोवर तणानं ती जागा भरून टाकलेली असते. आपण खुरपं घेऊन बसतो आणि तणाबरोबर खालचा कोंबही छाटून टाकतो.

हळदीचं मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडं बऱ्याच अंगणांत वसमतहून आणलेला एखादा गड्डा लावलेला असतो. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात त्याचं कौतुक आणि अंगणात तोच गड्डा जूनमध्ये खुरप्याखाली, असं व्हायला नको.

आमच्या घरी महिना-दीड महिन्यातून एकदा एक मावशी अंगण खुरपायला येतात. वय साठीच्या पुढं. परभणी तालुक्यातल्याच एका गावच्या. शाळा पाहिली नाही, पण त्यांच्याइतकं झाडपाला ओळखणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि कामाच्या निमित्तानं माझं कृषी विद्यापीठात बऱ्यापैकी जाणं-येणं असतं. मावशी एका बसणीत अंगणाचा कोपरा साफ करतात. उठतात तेव्हा मागं चार-सहा बारके कोंब तसेच उभे असतात. मी विचारतो, "मावशी, हे का ठेवलं?" तर म्हणतात, "भाऊ, ते तुमचंच हाय. कामून उपटायचं?"

पत्रकारितेच्या पदविकेला पहिल्याच आठवड्यात आम्हाला पाच 'क' शिकवले होते. काय, कोण, कुठे, कधी, का. त्याशिवाय बातमी करायची नाही. मावशींच्या मागं बसून बघितलं तेव्हा लक्षात आलं, त्यासुद्धा प्रत्येक कोंबाला असेच प्रश्न विचारतात. जेवढे मला समजले तेवढे सांगतो, तुमच्या कामाला येतील.

पहिला प्रश्न, कुठे आणि किती? एकच कोंब अंगणभर सारखा पसरून आलाय, फरशीच्या फटीत आलाय, कुंड्यांमध्येही आलाय, तर बहुतेक ते तण. एकाच जागी झुपक्यानं किंवा वाफ्याच्या ओळीतच आलंय, तर ते कुणीतरी लावलेलं. याला अपवाद आहेत. तुळस, सदाफुली, झेंडू हे स्वतःच बी टाकतात आणि कुठंही उगवतात. म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही.

दुसरा प्रश्न, कशातून आलंय? कोंबाशेजारची माती बोटानं अलगद बाजूला करायची. बियांतून आलेलं असेल तर दोऱ्यासारखं बारीक मूळ आणि वर दोन कोवळी पानं. कंदातून आलेला कोंब पहिल्या दिवसापासून जाड असतो, टोकदार, पान सुरळीसारखं गुंडाळलेलं. हळद, कर्दळ, आलं अशी वर येतात. जुन्या खोडातून फुटलेलं असेल तर बुडाशी लाकूड लागतं. शेवंती, मोगरा, अडुळसा वरून वाळल्यासारखे दिसले तरी नखानं साल खरवडली की आत हिरवं दिसतं.

पण इथंच एक गफलत होते. कंदातून आलं म्हणजे चांगलं, असं नाही. आपल्या काळ्या मातीतली सगळ्यांत चिवट तणं बहुवर्षायूच आहेत. हराळी, लव्हाळा आणि कुंदा. लव्हाळ्याच्या मुळाला काळसर गाठी असतात आणि गाठीला गाठ जोडलेली असते. वरून उपटलं की पात हातात येते, गाठ खाली राहते आणि आठवड्यात पुन्हा नवी पात. कुंद्यानं आपल्या भागात एके काळी शेतंच्या शेतं पडीक पाडली. जुनी माणसं कुंदा खणायच्या गोष्टी सांगतात त्या हाच. थोडक्यात, वर्षानुवर्षं जगणं हा काही सज्जनपणाचा पुरावा नाही. हे झाडांपुरतंच म्हणतोय, निवडणुकीचा संबंध जोडू नये.

तिसरा प्रश्न हाताला विचारायचा. लव्हाळा आणि पावसाळी लिली लांबून सारखीच दिसतात, दोन्ही गवतासारखी हिरवी. लव्हाळ्याचा दांडा दोन बोटांत फिरवला की तीन कडा लागतात. लिलीचं पान मऊ, भरीव, आणि खाली छोट्या कांद्यासारखा कंद. खऱ्या गवताला पेरं असतात, लिलीला नसतात. गवती चहा आणि साधं गवत यांत गोंधळ झाला तर पान चुरगाळून वास घ्यायचा. आलं, हळद, तुळस, ओवा या सगळ्यांची ओळख नाकाला लगेच पटते. मावशी डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवतात.

चौथा प्रश्न, चीक आहे का? हा बागेपेक्षा ताटासाठी महत्त्वाचा. घोळीची भाजी आपल्याकडं आवडीनं खातात. तिच्यासारखीच जमिनीला चिकटून पसरणारी लाल दांड्याची एक बारकी दुधी उगवते. घोळीचा दांडा जाड, रसदार, तोडला तर नुसतं पाणी येतं. दुधीचा दांडा तोडला की पांढरा चीक येतो. ती भाजीत जाऊ द्यायची नाही. आता चीक तर पाथरीलाही असतो आणि पाथर आपण खातो. म्हणून एका खुणेवर कधीच थांबू नका. ज्याची पक्की ओळख नाही ते खायचं नाही, एवढं पाळा. आणि गटारीच्या कडेची किंवा फवारणी झालेल्या बांधावरची भाजी ओळखीची असली तरी नको.

आणि सगळं करूनही कळलं नाही तर? मावशींचं उत्तर साधं आहे. "ऱ्हाऊ द्या की. चार पानं आली की आपलं नाव सांगतंय." शंकेचा कोंब एका कुंडीत लावून ठेवायचा. फूल येईपर्यंत कळतंच. आणि दिवाळीनंतर पानं वाळायला लागली की कंदाच्या जागी एक काडी किंवा दगड रोवून ठेवायचा. गुरुजींनी आता तेच केलंय. पुढच्या जूनमध्ये मुलाला आणि मजुराला, दोघांनाही कळेल.

मात्र एका झाडाला चार पानांची सवलत देऊ नका. गाजर गवत. कोवळेपणी याचं रोप शेवंतीसारखं दिसतं, आणि शेवंती म्हणून लोक त्याला पाणीही घालतात. फरक असा. शेवंतीचं पान जाडसर, कापे मोठे आणि गोलसर, तिचा वास ओळखीचा, आणि जुन्या शेवंतीला बुडाशी लाकूड असतं. गाजर गवताचं रोप आधी जमिनीसरशी चक्रासारखं पसरतं, पानं गाजराच्या पाल्यासारखी बारीक कापलेली, अंगावर बारीक लव. मग मधून दांडा उठतो आणि कमरेएवढा होऊन पांढऱ्या बारक्या फुलांनी भरतो. एका झाडाला हजारोंनी बिया येतात, दहा हजारांच्या पुढंसुद्धा.

भारतात याची ठळक नोंद 1955 मध्ये पुण्यात झाली. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर ते आलं असं आपण ऐकत आलोय. त्याच्या आधीच्याही नोंदी देशात असल्याचं वनस्पतीशास्त्रज्ञ सांगतात. कसंही आलेलं असो, आज परभणीतला एकही मोकळा प्लॉट त्याच्याशिवाय नाही. अंगाला खाज, पुरळ, दमा असणाऱ्यांना त्रास, आणि जनावरानं खाल्लं तर दुधाला कडवटपणा. उपटायचं ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून, मुळासकट. फुलावर आलेलं खताच्या खड्ड्यात टाकायचं नाही, नाहीतर पुढच्या वर्षी खतासोबत तेच बागेत पेराल.

त्याच्यावर उपाय शोधताना शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये मेक्सिकोतून एक भुंगा आणला आणि पुढच्या वर्षी बंगळुरूला सोडला. हा मेक्सिकन भुंगा आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं खातात. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानंही या भुंग्यांवर काम केलंय, शेतकऱ्यांना ते दिलेत. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. त्यात अजून एक उपाय सांगतात, तो मला फार आवडतो. रिकाम्या जागेत तरोट्याचं बी टाका. तरोटा दाट वाढतो आणि गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. कोकणात ज्याला टाकळा म्हणतात आणि गोव्यात तायकिळो, तोच हा तरोटा. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते. म्हणजे एक तण दुसऱ्या तणाला आवरतं आणि वर आपल्याला जेवूही घालतं.

इथं मुळातला प्रश्न येतो. तण म्हणायचं कुणाला?

हराळी शेतात शिवी आहे आणि गणपतीपुढं दूर्वा आहे. झाड एकच. आघाडा कपड्याला चिकटतो म्हणून आपण वैतागतो, आणि श्रावणात जिवतीच्या पूजेला आघाडा-दूर्वांच्या माळेशिवाय चालत नाही. मग बाजारात दहा रुपयाला छोटी जुडी घेतो, घरामागं उगवलेला आघाडा उपटून टाकून! शनिवारी मारुतीला रुईची माळ, ती रुई रस्त्याच्या कडेची. करटुल्याचा वेल कुंपणावर आला तर "रानटी" म्हणून तोडतो आणि पावसाळ्यात भाजी मंडईत त्याचा भाव ऐकून पुढं सरकतो.

आणि उलटंही आहे. जी झाडं आपण शोभेची म्हणून कौतुकानं आणली, तीच डोक्यावर बसली. घाणेरी इंग्रजांनी बागेसाठी आणली, आज ती डोंगर व्यापून बसलीय. जलपर्णीचं फूल दिसायला सुंदर, म्हणून आणली, आज नदी-तळ्यांचं संथ पाणी झाकून टाकते. बेशरम कुंपणाला सोपी म्हणून लावली, आज एकही ओढा-नाला तिच्याविना नाही. नाव मात्र लोकांनी अचूक ठेवलं. तेव्हा नर्सरीतून पैसे देऊन आणलं म्हणजे झाड आणि आपोआप उगवलं म्हणजे तण, असा हिशेब टिकत नाही.

आपल्या भागात तर तणानं माणसं जगवलीत. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या कुणालाही घरात विचारा. मिलोच्या भाकरीबरोबर बरबड्याचं नाव निघेल. रानात आपोआप उगवणाऱ्या तणाचं बी झाडून, निवडून, दळून त्याच्या भाकरी खाल्लेली पिढी अजून आपल्यात आहे. योगायोग म्हणा, त्याच वर्षी मे महिन्यात परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. ते बी खाण्याजोगं आहे आणि शेजारचं नाही, हे त्या वेळी कुणी ओळखलं असेल? वर्षानुवर्षं ज्यांच्या हातात खुरपं होतं त्यांनी.

म्हणून आता शेताकडं येतो.

आपल्याकडं खुरपणी हे बायकांचं काम. पुरुष औत धरणार, कोळपं मारणार, फवारणार. ओळीत बसून, एका हातानं पीक सांभाळत, दुसऱ्या हातानं तण काढणार बाई. ज्वारी, तूर, मूग, उडीद, कापूस, प्रत्येक पिकात वेगळं तण, त्याची वेगळी ओळख. कोवळी ज्वारी आणि तिच्यासारखंच दिसणारं गवत यांत फरक करायचा तोही दोन-तीन पानांवर, उकिडवं बसून पुढं सरकता सरकता. काढलेल्या तणाचेही वाटे व्हायचे. हे शेळीला, हे म्हशीला, हे ओट्यात घालून घरी भाजीला, हे बांधावर फेकायला. तांदुळजा, कुर्डू, घोळ, पाथरी, केना हे सगळं पदरातून घरी यायचं. मजुरी वेगळी आणि संध्याकाळची भाजी वेगळी.

मग सोयाबीन आलं, क्षेत्र वाढलं, आणि मागोमाग तणनाशक आलं. सोयाबीन पेरून 15 ते 20 दिवस झाले की पंपानं फवारायचं, काम संपलं. मी शेतकऱ्याला नावं ठेवत नाही. पाऊस लागून राहिला की आठ-आठ दिवस वापसा होत नाही, खुरपणी करताच येत नाही. मजुरीचा खर्च परवडत नाही. ऐन वेळी बायका मिळत नाहीत. पाच एकरांचा शेतकरी कुणाच्या भरवशावर थांबणार? तणनाशकाला तोंड देणारं कापसाचं बियाणं सरकारी मंजुरी नसताना लोक विकत घेतात ते याच अडचणीतून. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं ते बियाणं जाहीरपणे पेरून आंदोलन केलं होतं. अडचण खरी आहे.

पण औषधाला किती कळतं तेही बघा. टू-फोर-डी नावाचं जुनं तणनाशक आहे. त्याला जगात दोनच जाती माहीत. रुंद पानाचं आणि अरुंद पानाचं. रुंद मारायचं, अरुंद सोडायचं. ते ज्वारीत मारताना वाऱ्यानं शेजारच्या कापसावर गेलं की कापसाची पानं आवळून बोटांसारखी होतात. अशा तक्रारी घेऊन शेतकरी आमच्याकडं येतात. ग्लायफोसेटला तर तेवढाही फरक कळत नाही. हिरवं दिसलं की मारायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये त्याला माणसात बहुधा कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं. इतर काही देशांच्या नियामकांना ते मान्य नाही, वाद चालू आहे. आपल्या केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढली, की ते फक्त कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्या परवानाधारकांनीच वापरावं. गावात बांधावर, गोठ्यामागं आणि आता शहरात अंगणातसुद्धा ते कोण मारतंय, हे तुम्ही डोळ्यांनी बघताय.

हो, अंगणातसुद्धा. "खुरपायला माणूस मिळत नाही, दोन झाकणं मारली की सहा महिने चिंता नाही," असं सांगणारे माझ्याच ओळखीत आहेत. त्या दोन झाकणांत गाजर गवत जातं, आणि त्याबरोबर भुईचाफा जातो, करटुलं जातं, आघाडा जातो, शेजारच्या पोराच्या पायाखालची हराळी जाते. पुढच्या पावसात सगळ्यांत आधी पुन्हा कोण येतं? ज्याच्या हजारो बिया मातीत पडून आहेत ते गाजर गवतच.

आमच्या अंगणात येणाऱ्या मावशी गावातली खुरपणी कमी झाली म्हणून परभणीत आल्या. सकाळी दोन घरची धुणीभांडी करतात. मी त्यांना एकदा विचारलं, तुमच्या सुनेला येतं का हे सगळं? म्हणाल्या, "तिला रानात बसायची पाळीच आली न्हाई, भाऊ. तिला कसं यावं?" आवाजात तक्रार नव्हती. सुनेचं ऊन चुकलं याचं त्यांना समाधानच होतं. मलाही वाटतं, त्या सुनेनं परत उकिडवं बसून दिवसभर खुरपावं अशी अपेक्षा आपण करू नये. कंबर मोडणारं काम सुटलं तर बरंच झालं. पण कामासोबत जी ओळख होती, ती तरी कुठंतरी उतरून घ्यायला हवी होती. ती कुणी उतरून घेतली?

कायद्यानं ती सोय केलेली आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. त्या समितीनं लोकांना विचारून गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची. गावात कोणती झाडं, कोणत्या वेली, कोणतं गवत, त्याला स्थानिक नाव काय, उपयोग काय, आणि हे कोण जाणतं. हे काम रखडल्यावर राष्ट्रीय हरित लवादानं त्यासाठी मुदत ठरवून दिली होती, 31 जानेवारी 2020. म्हणजे कागदावर तरी तुमच्या गावची नोंदवही असायला हवी.

माझी विनंती एवढीच. ग्रामपंचायतीत जा आणि ती वही बघायला मागा. नसेल दाखवत तर माहितीचा अधिकार आहे. वही हातात आली की दोन गोष्टी तपासा. एक, त्यातली नावं तुमच्या गावची आहेत की कुठल्या तरी छापील यादीतून उतरवलेली? आपल्याकडं तरोटा म्हणतात आणि वहीत टाकळा लिहिलेला असेल, तर कुणी गावात फिरलेलं नाही हे उघड आहे. दोन, माहिती देणाऱ्यांच्या यादीत खुरपणाऱ्या बाईचं नाव आहे का? सरपंच, ग्रामसेवक, गुरुजी यांची नावं असतीलच. ज्यांनी आयुष्यभर हे ओळखलं त्यांना विचारलं का?

ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. चांगली गोष्ट आहे. टेबलावर सजवलेल्या जुड्या, उद्घाटन, फोटो, बातमी. त्या बातम्या मीही करतो. पण महोत्सव एक दिवसाचा. त्याच टेबलामागं उभ्या असलेल्या बाईजवळ कुणी वही-पेन्सिल घेऊन तासभर बसलं तर गावाला पन्नास वर्षं पुरेल असं काही हाती लागेल. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. बी जपणारी बाई आपल्याला दिसली. तण ओळखणारी अजून दिसायची आहे.

शाळांनाही हे जमण्यासारखं आहे. पावसाळ्यात एक शनिवार, दप्तराविना. गावातली एक आजी पुढं, पोरं मागं, शाळेच्या मैदानापासून ओढ्यापर्यंत. एका दिवसात वीस झाडं झाली तरी पुष्कळ. प्रत्येकाचं नाव, एक खूण आणि एक उपयोग. आणि त्या आजींना त्या दिवसाचं मानधन द्यावं. आपण तज्ज्ञ बोलावतो तेव्हा देतोच की.

तोवर ज्यांच्या घरी मूठभर माती उरली आहे त्यांनी ती पेव्हर ब्लॉकखाली घालू नये. अंगण "साफ" करून घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा त्यातून फिरवून आणा. काय ठेवायचं ते त्यांना बोटानं दाखवू द्या आणि तिथं काडी रोवा. गाजर गवत दिसेल तिथं फुलायच्या आत उपटा, स्वतःच्या अंगणातलं आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटमधलंही, कारण वारा सातबारा बघून वाहत नाही.

आणि तुमच्या गावात, तुमच्या आजीच्या तोंडी या झाडांना जी नावं आहेत ती खाली लिहा. पाथरीकडं वेगळं, गंगाखेडकडं वेगळं, जिंतूरकडं वेगळं असणारच. गावाचं नाव लिहायला विसरू नका. सगळी नावं एकत्र करून मी पुन्हा टाकीन. सरकारी वहीत नसतील तरी कुठंतरी लिहिलेली राहतील.